स्कॅन केलेला कागद कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये जात नाही? मशीन बिघडलं म्हणण्याआधी हे क्रमानं तपासा

ग्रामपंचायत, विकास सोसायटी, शाळा, दूध संस्था, सेवा केंद्र अशा अनेक ठिकाणी आता झेरॉक्स, प्रिंट आणि स्कॅन ही तिन्ही कामं करणारं एकच मशीन असतं. कागद मशीनवर ठेवायचा, बटण दाबायचं, की त्याची पीडीएफ टेबलावरच्या कॉम्प्युटरमधल्या एका फोल्डरमध्ये आपोआप जाऊन पडते. तिथून ती पोर्टलवर चढवली की काम झालं.

मग एखाद्या सकाळी हे बंद पडतं. झेरॉक्स निघते, प्रिंट येते, पण स्कॅन काही जात नाही. मशीनच्या पडद्यावर 'कनेक्शन फेल' किंवा 'लॉगिन एरर' असं काहीतरी येतं. रांगेतल्या माणसाला सांगितलं जातं, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." पीक विम्याची किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख असेल तर हा एक हेलपाटा महागात पडतो. तालुक्याहून दुरुस्तीवाला बोलवायचा तर त्याचे पैसे वेगळे आणि दोन दिवसांचा खोळंबा वेगळा.

अशा वेळी बहुतेकदा सर्व्हर डाऊन नसतो आणि मशीनही बिघडलेलं नसतं. मशीन आणि फोल्डर यांच्यामधली वाट कुठेतरी अडलेली असते. ती कुठे अडली हे शोधण्यासाठी इंजिनिअर लागत नाही, फक्त क्रम पाळावा लागतो. शेवटच्या वाफ्याला पाणी पोचलं नाही तर आपण आधी मोटर बघतो, मग पाईप, मग व्हॉल्व्ह, आणि शेवटी वाफ्याचं तोंड. इथंही तसंच करायचं.

हे काम चालतं कसं?

स्कॅन फोल्डरमध्ये पाठवताना मशीन कॉम्प्युटरशी 'एसएमबी' नावाच्या पद्धतीनं बोलतं. विंडोजचे कॉम्प्युटर एकमेकांच्या फाइल उघडतात तीच ही पद्धत. त्यासाठी मशीनच्या ॲड्रेस बुकमध्ये चार गोष्टी भरलेल्या असतात.

१. कॉम्प्युटरचा पत्ता, म्हणजे आयपी नंबर किंवा कॉम्प्युटरचं नाव
२. शेअर केलेल्या फोल्डरचं नाव
३. कॉम्प्युटरवरच्या एका खात्याचं युजरनेम
४. त्या खात्याचा पासवर्ड

या चारपैकी एक जरी गोष्ट बदलली किंवा चुकली तरी स्कॅन अडतो. मशीनला बदल कळत नाही. ते जुन्याच पत्त्यावर जुनाच पासवर्ड घेऊन जात राहतं.

पहिला प्रश्न: काल आणि आज यात काय बदललं?

कालपर्यंत चालत होतं आणि आज बंद झालं, तर मधल्या काळात काय झालं हे आधी आठवा. निम्मं उत्तर इथंच मिळतं.

• लाइट जाऊन आली, राउटर बंद-चालू झाला: आयपी नंबर बदलला असण्याची शक्यता मोठी.
• नवीन राउटर किंवा नवीन इंटरनेट जोडणी घेतली: मशीन आणि कॉम्प्युटर वेगवेगळ्या नेटवर्कवर गेले असतील.
• कुणी कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला किंवा पिन लावला: मशीनमध्ये जुनाच पासवर्ड राहिला.
• विंडोज अपडेट झालं किंवा नवा कॉम्प्युटर आला: नेटवर्कचा प्रकार, फायरवॉल किंवा एसएमबीची आवृत्ती आडवी आली असेल.
• फोल्डरचं नाव बदललं किंवा ते दुसरीकडे हलवलं: शेअरिंग गेलं.
• यातलं काहीच नाही: कॉम्प्युटर झोपलेला आहे का, हार्डडिस्क भरली आहे का, हे आधी पाहा.

शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण अर्धा तास वाचवतो. कॉम्प्युटर 'स्लीप' झाला की नेटवर्कवरून दिसेनासा होतो. कार्यालयाच्या वेळेत तो झोपू नये अशी सेटिंग 'पॉवर' विभागात करून ठेवावी.

पायरी १: दोघं एकाच नेटवर्कवर आहेत का?

कॉम्प्युटरवर 'सीएमडी' उघडा. त्यासाठी स्टार्ट मेन्यूमध्ये इंग्रजीत ही तीन अक्षरं टाइप करायची. काळी खिडकी उघडली की इंग्रजीत 'आयपीकॉन्फिग' असं सलग, मध्ये जागा न सोडता लिहा आणि एंटर दाबा. 'आयपीव्ही४ ॲड्रेस' या ओळीसमोरचा नंबर म्हणजे कॉम्प्युटरचा पत्ता. समजा तो १९२.१६८.१.१० आहे.

आता मशीनच्या पडद्यावर 'नेटवर्क' किंवा 'टीसीपी/आयपी' सेटिंगमध्ये मशीनचा नंबर पाहा. समजा तो १९२.१६८.१.५० आहे. घरगुती किंवा लहान कार्यालयाच्या राउटरवर पहिले तीन आकडे दोन्हीकडे सारखे हवेत. एकाचा १९२.१६८.१ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०, असं असेल तर दोघं दोन वेगळ्या राउटरखाली आहेत. एका राउटरला दुसरा राउटर जोडला की हे हमखास होतं.

कुणाचाही नंबर १६९.२५४ नं सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. केबल निघाली आहे का, वायफायचा पासवर्ड बदलला आहे का, ते पाहा.

आणखी एक नेहमीचं कारण आहे. इंटरनेट बंद असलं की कॉम्प्युटर मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला जातो आणि मशीन राउटरवरच राहतं. मग दोघांची गाठ पडत नाही. वायफायच्या 'गेस्ट' नेटवर्कवर जोडलेली उपकरणंही सहसा एकमेकांना दिसत नाहीत.

पत्ते जुळले की त्याच काळ्या खिडकीत 'पिंग' लिहून एक जागा सोडा आणि मशीनचा नंबर टाका. 'रिप्लाय फ्रॉम' अशा ओळी आल्या तर रस्ता मोकळा आहे. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' किंवा 'अनरीचेबल' आलं तर आधी केबल, वायफाय आणि राउटर पाहा, पुढं जाऊ नका.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फोल्डरमध्ये स्कॅन जाण्यासाठी इंटरनेट लागत नाही. राउटर चालू असला की पुरे. त्यामुळं इंटरनेट बंद असलं तरी कागद स्कॅन करून ठेवता येतात आणि नेट आल्यावर पोर्टलवर चढवता येतात.

पायरी २: मशीनमध्ये भरलेला पत्ता आजचाच आहे का?

राउटर प्रत्येक उपकरणाला आयपी नंबर काही मुदतीपुरता देतो. लाइट गेली, राउटर बंद होऊन पुन्हा चालू झाला, की काल १० नंबरवर असलेला कॉम्प्युटर आज १४ वर असू शकतो. मशीन मात्र १० वरच जाऊन दार वाजवत राहतं. दिवसातून दोन-चार वेळा लाइट जाणाऱ्या गावांत हा दोष पुन्हा पुन्हा उद्भवतो.

मशीनचं ॲड्रेस बुक मोबाइलवरूनही पाहता येतं. मोबाइल त्याच वायफायला जोडा, ब्राउझर उघडा आणि पत्त्याच्या जागी मशीनचा आयपी नंबर इंग्रजी आकड्यांत टाका. बहुतेक नेटवर्क मशीनचं स्वतःचं सेटिंगचं पान उघडतं. मशीनच्या लहानशा पडद्यापेक्षा इथं भरणं सोपं जातं आणि चुकाही कमी होतात. या पानाचा ॲडमिन पासवर्ड कंपनीनं दिलेलाच ठेवला असेल तर तो बदलून घ्यावा.

ॲड्रेस बुकमधला नंबर आणि 'आयपीकॉन्फिग'मध्ये दिसलेला नंबर जुळत नसेल तर दोष सापडला. नवा नंबर भरला की काम लगेच सुरू होईल. पण पुन्हा लाइट गेली की तेच होणार. कायमचा इलाज दोन प्रकारे होतो.

• राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' किंवा 'स्टॅटिक लीज' असा भाग असतो. तिथं कॉम्प्युटरसाठी एक नंबर राखून ठेवायचा. मग कितीही वेळा लाइट गेली तरी कॉम्प्युटरला तोच नंबर मिळतो. मशीनसाठीही असाच नंबर राखून ठेवावा.
• मशीनमध्ये नंबराऐवजी कॉम्प्युटरचं नाव भरायचं. काही मशीनवर हे चालतं, काहींवर चालत नाही. करून पाहायला हरकत नाही.

पायरी ३: कॉम्प्युटरनं दार लावून घेतलंय का?

विंडोज प्रत्येक नेटवर्कला 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' समजतं. बसस्टँडच्या वायफायसारखं परकं नेटवर्क म्हणजे पब्लिक, तिथं विंडोज बाहेरच्यांना आपल्या फोल्डरकडे येऊ देत नाही. नवीन राउटर जोडला की विंडोज त्याला बऱ्याचदा पब्लिकच धरतं. म्हणून राउटर बदलल्यावर स्कॅन बंद पडतो.

सेटिंग्ज उघडा, 'नेटवर्क अँड इंटरनेट'मध्ये जा, वायफाय किंवा इथरनेट यांपैकी ज्यानं जोडणी आहे त्याचे गुणधर्म उघडा आणि 'प्रायव्हेट' निवडा. त्यानंतर 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये प्रायव्हेट नेटवर्कखाली 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू आहे का ते पाहा. एसएमबीचं दार म्हणजे ४४५ नंबरचा पोर्ट. हे शेअरिंग चालू केलं की विंडोजचा फायरवॉल हा रस्ता उघडतो.

विकतचा अँटीव्हायरस असेल तर त्याचा स्वतःचा फायरवॉलही असू शकतो. त्यातही हे नेटवर्क 'होम' किंवा 'ट्रस्टेड' करावं लागतं.

इथं काही जण सगळा फायरवॉलच बंद करून मोकळे होतात. स्कॅन चालू होतो, पण हे म्हणजे एका पाहुण्याला आत घ्यायचं म्हणून घराचं दारच काढून ठेवण्यासारखं आहे. असं करू नये.

पायरी ४: फोल्डर खरंच शेअर केलेलं आहे का आणि नाव बरोबर आहे का?

कॉम्प्युटरवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. येणाऱ्या चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि त्यापुढं कॉम्प्युटरचं नाव लिहून एंटर दाबा. कॉम्प्युटरवरची शेअर केलेली फोल्डरं दिसतील. इथं जे नाव दिसतं तेच मशीनमध्ये हवं.

चूक कुठे होते? फोल्डर डी ड्राइव्हमध्ये 'ऑफिस'च्या आत 'स्कॅन' या नावानं असतं, म्हणून मशीनमध्ये डी ड्राइव्हपासूनचा सगळा मार्ग लिहिला जातो. मशीनला तो कळत नाही. त्याला फक्त शेअरचं नाव लागतं. काही मशीनमध्ये कॉम्प्युटरचा पत्ता आणि फोल्डर यांच्या दोन वेगळ्या चौकटी असतात, तिथं तिरप्या रेघा न देता नुसतं नाव भरायचं.

शेअरचं नाव इंग्रजी अक्षरांत, लहान आणि मोकळी जागा न सोडता ठेवावं. मराठी नाव किंवा मध्ये जागा असलेलं नाव अनेक मशीनला पचत नाही. फोल्डरचं नाव बदललं की जुनं शेअरिंग निघून जातं, ते पुन्हा करावं लागतं. फोल्डर डेस्कटॉपवर न ठेवता डी ड्राइव्हवर थेट ठेवलेलं बरं. पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर तर ठेवूच नये, ती काढली की वाट बंद.

पायरी ५: युजरनेम आणि पासवर्ड

सगळ्यात जास्त वेळ इथं जातो, म्हणून नीट समजून घ्या.

*पासवर्डच नाही.* अनेक कार्यालयांत कॉम्प्युटरला पासवर्ड ठेवलेलाच नसतो. समोर बसून तो उघडतो, पण विंडोज पासवर्ड नसलेल्या खात्याला नेटवर्कवरून आत येऊ देत नाही. मशीनमध्ये पासवर्डची जागा कोरी ठेवली तर लॉगिन होणारच नाही.

*पिन म्हणजे पासवर्ड नव्हे.* कॉम्प्युटर चालू करताना जो चार किंवा सहा आकडी पिन टाकतो, तो फक्त त्याच कॉम्प्युटरसमोर चालतो. मशीनमध्ये पिन भरून उपयोग नाही.

*दिसतं ते नाव आणि खरं नाव वेगळं.* स्टार्ट मेन्यूमध्ये दिसणारं नाव हे खात्याचं खरं नाव असेलच असं नाही. काळ्या खिडकीत इंग्रजीत 'हू ॲम आय' हे तीन शब्द सलग लिहून एंटर दाबा. तिरप्या रेघेच्या अलीकडे कॉम्प्युटरचं नाव आणि पलीकडे युजरनेम दिसेल. खातं ईमेलवर काढलेलं असेल तर मात्र पूर्ण ईमेल आणि त्या खात्याचा पासवर्ड लागतो, आणि तो कुणाला आठवत नसतो.

या सगळ्यावर एकच चांगला उपाय आहे. मशीनसाठी वेगळं खातं काढा. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स', मग 'अदर युजर्स', मग 'ॲड अकाउंट'. ईमेल विचारलं की 'आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन' निवडा आणि पुढं 'ॲड अ युजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट'. नाव साधं ठेवा. पासवर्ड अक्षरं आणि आकडे मिसळून लांब ठेवा, पण काही मशीनच्या पडद्यावर विशेष चिन्हं टाइप होत नाहीत हे ध्यानात घ्या. हे खातं 'स्टँडर्ड' असावं, 'ॲडमिनिस्ट्रेटर' नको.

याचा फायदा असा, की ऑपरेटर बदलला, त्यानं स्वतःचा पासवर्ड बदलला, तरी स्कॅन अडत नाही. आणि मशीनमध्ये कुणाच्या मुख्य खात्याचा पासवर्ड साठवून ठेवावा लागत नाही.

हे खातं दुरुस्तीवाल्यानं 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट'मधून काढलं असेल तर दोन खुणा तपासा. 'युजर मस्ट चेंज पासवर्ड ॲट नेक्स्ट लॉगऑन' ही खूण काढलेली हवी आणि 'पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स' ही लावलेली हवी. नाहीतर विंडोजच्या मूळ नियमानुसार पासवर्डची मुदत ४२ दिवसांनी संपते. दीड महिना बरं चालून अचानक बंद पडलं, तर हे कारण आधी पाहा.

मशीनच्या तारखेवर आणि घड्याळावरही एक नजर टाका. घड्याळ फार मागं-पुढं असेल तर ओळख पटण्यात अडचण येऊ शकते.

पायरी ६: आत येता येतं, पण लिहिता येत नाही

लॉगिन होतं तरी फाइल पडत नाही, तेव्हा परवानगीचा प्रश्न असतो. विंडोजमध्ये एका फोल्डरला दोन कुलपं असतात आणि दोन्ही उघडी लागतात.

पहिलं कुलूप 'शेअरिंग' टॅबमध्ये. फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज', 'शेअरिंग', 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग', 'परमिशन्स' इथं जा. या मार्गानं शेअर केलं की सुरुवातीला 'एव्हरीवन'ला फक्त 'रीड' म्हणजे वाचायची परवानगी असते. मशीनला तर लिहायचं असतं. 'एव्हरीवन' काढून टाका, मशीनसाठी काढलेलं खातं आणि फाइल उघडणाऱ्या कर्मचाऱ्याचं खातं टाका, आणि त्यांना 'चेंज' द्या.

दुसरं कुलूप 'सिक्युरिटी' टॅबमध्ये. तिथंही हीच खाती टाकून 'मॉडिफाय' द्या. एका ठिकाणी दिलं आणि दुसऱ्या ठिकाणी राहिलं, तर जे कडक असेल तेच लागू होतं.

काही पतसंस्थांत आणि मोठ्या शाळांत फाइल साठवायला कॉम्प्युटरऐवजी वेगळा नेटवर्क स्टोरेजचा डबा असतो. क्रम तिथंही हाच. फक्त खातं, फोल्डर आणि परवानगी त्या डब्याच्या सेटिंग पानावर पाहायची आणि जागा शिल्लक आहे का तेही तिथंच दिसतं.

मोबाइलवरून करायची परीक्षा

दोष कॉम्प्युटरकडे आहे की मशीनकडे, हे मोबाइलवरून ठरवता येतं. अनेक फाइल मॅनेजर ॲपमध्ये 'नेटवर्क' किंवा 'रिमोट' असा भाग असतो, त्यात एसएमबी निवडा. आयफोनच्या 'फाइल्स' ॲपमध्ये 'कनेक्ट टू सर्व्हर' असतं. मोबाइल त्याच वायफायवर ठेवून कॉम्प्युटरचा आयपी, शेअरचं नाव, आणि मशीनसाठीचंच युजरनेम-पासवर्ड टाका. मग फोल्डरमध्ये एक फोटो टाकून पाहा.

फोटो पडला तर कॉम्प्युटरकडची बाजू ठीक आहे, मशीनमधली नोंद तपासा. पडला नाही तर पायरी ३ ते ६ पुन्हा करा. परीक्षा झाल्यावर मोबाइलमधली ही नोंद पुसून टाका.

पायरी ७: मशीन जुनं, विंडोज नवं

मोबाइलवरून सगळं चालतं, मशीनमधली नोंदही अचूक आहे, तरी स्कॅन जात नाही. अशा वेळी दोघांची भाषा जुळत नसते.

दहा-बारा वर्षांपूर्वीची अनेक मशीन एसएमबीची पहिली आवृत्तीच बोलतात. तालुक्याच्या ठिकाणाहून आणलेली सेकंडहँड मशीन बऱ्याचदा त्या काळातली असतात. मायक्रोसॉफ्टनं २०१७ पासून नव्यानं टाकलेल्या विंडोज १० मध्ये ही पहिली आवृत्ती मुळातच देणं बंद केलं. त्यामुळं कॉम्प्युटर बदलला की जुनं मशीन मुकं होतं.

दुसरा बदल २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या '२४एच२' आवृत्तीत झाला. तिच्या प्रो प्रकारात एसएमबीच्या प्रत्येक निरोपावर सही असणं सक्तीचं झालं. सही करणं न येणारी मशीन या अपडेटनंतर अडतात. कॉम्प्युटरवर कोणती आवृत्ती आहे हे पाहायला विंडोजचं बटण आणि आर दाबून इंग्रजीत 'विनव्हर' लिहा.

उपाय या क्रमानं करा. आधी मशीनच्या सेटिंग पानावर एसएमबीची दुसरी किंवा तिसरी आवृत्ती चालू करायची सोय आहे का पाहा. नसेल तर मशीनच्या कंपनीनं नवं फर्मवेअर दिलं आहे का ते कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवर किंवा सर्व्हिस सेंटरला विचारा. तेही नसेल तर फोल्डरचा नाद सोडून यूएसबीनं स्कॅन किंवा कंपनीचं स्कॅनिंग सॉफ्टवेअर वापरा.

'कंट्रोल पॅनलमधून पहिली आवृत्ती चालू करून देतो, दोन मिनिटांचं काम,' असं कुणी म्हणालं तर आधी थांबा. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, तो याच पहिल्या आवृत्तीतल्या दोषातून. फाइल कुलूपबंद करून तो पैसे मागायचा. ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयांचं काम त्यानं थांबवलं. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, त्याच वाटेचा वापर करणाऱ्या 'नॉटपेट्या'नं उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. दोष बुजवणारं अपडेट मार्च २०१७ मध्येच आलं होतं, ज्यांनी टाकलं नव्हतं ते सापडले. सहीची सक्ती बंद करणं हेही एक कुलूप काढण्यासारखंच आहे. जाणकार माणूस समोर असल्याशिवाय आणि दुसरा मार्ग संपल्याशिवाय करू नये.

मशीनवर काय दिसतं, त्याचा अर्थ काय?

शब्द कंपनीगणिक वेगळे असतात, पण मतलब साधारण असा.

• 'कनेक्शन फेल', 'होस्ट नॉट फाउंड', 'टाइमआउट': पत्ता चुकला, कॉम्प्युटर बंद आहे किंवा फायरवॉल आडवा आहे. पायरी १, २, ३.
• 'पाथ नॉट फाउंड', 'इनव्हॅलिड फोल्डर': शेअरचं नाव चुकलं. पायरी ४.
• 'लॉगिन एरर', 'ऑथेंटिकेशन फेल': युजरनेम-पासवर्ड. पायरी ५.
• 'ॲक्सेस डिनाइड', 'राइट एरर': परवानगी नाही किंवा डिस्क भरली. पायरी ६.
• 'प्रोटोकॉल' किंवा 'निगोशिएशन' असा शब्द: जुनी आवृत्ती. पायरी ७.

रांगेतल्या माणसाचं काम आज कसं करायचं?

दुरुस्ती होईपर्यंत कुणाला परत पाठवायची गरज नाही. मशीनला यूएसबीची खाच असेल तर पेनड्राइव्हवर स्कॅन घेता येतो. तो पेनड्राइव्ह कार्यालयाचाच असावा, काम झालं की फाइल पुसाव्यात. यूएसबी केबलनं मशीन थेट कॉम्प्युटरला जोडूनही स्कॅन होतो. तेही नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्यानं पीडीएफ करणारी ॲप आहेत. कागद सपाट ठेवून, उजेडात, सावली न पडू देता फोटो घ्यावा, चारही कोपरे दिसावेत.

गावकऱ्यांनीही एक करावं. "सर्व्हर डाऊन आहे" असं ऐकलं तर शांतपणे विचारावं, "पोर्टल बंद आहे, की इथला स्कॅन जात नाही?" पोर्टल बंद असेल तर थांबण्यावाचून इलाज नाही. स्कॅन जात नसेल तर वर सांगितलेल्या मार्गानं काम त्याच दिवशी होऊ शकतं.

फोल्डरमध्ये कुणाचे कागद आहेत?

या फोल्डरमध्ये गावाची आधार कार्डं, बँक पासबुकं, सातबारे, जातीचे दाखले, दवाखान्याचे कागद जमा होतात. ते फोल्डर 'एव्हरीवन'ला मोकळं ठेवलं आणि वायफायचा पासवर्ड भिंतीवर लिहिलेला असला, तर बाहेर ओट्यावर बसलेल्या कुणाच्या तरी हाती ते सगळं मोबाइलवरून लागण्याचा धोका वाढतो. आधार आणि पासबुक एकत्र हाती लागलं की फसवणूक करणाऱ्याचं काम सोपं होतं. लोकांची माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकणारा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा देशात २०२३ मध्ये झाला आहे.

म्हणून अर्ज भरून झाला की ज्या फाइल ठेवण्याची गरज नाही त्या रोज संध्याकाळी पुसाव्यात, रिसायकल बिनही रिकामा करावा. ज्या ठेवायच्या त्या शेअर नसलेल्या फोल्डरमध्ये हलवाव्यात. पाहुण्यांसाठी वायफाय द्यायचंच असेल तर ते वेगळ्या गेस्ट नेटवर्कवर द्यावं. नवीन स्कॅनर चालू करून देणाऱ्याला 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' करून जाऊ देऊ नये.

एका कागदावर लिहून ठेवा

कॉम्प्युटरचं नाव, राखून ठेवलेला आयपी नंबर, मशीनचा आयपी नंबर, शेअरचं नाव, मशीनसाठीच्या खात्याचं युजरनेम आणि शेवटचा बदल केल्याची तारीख, एवढं एका कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवावं. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नये, तो जबाबदार माणसाच्या वहीत कुलपात ठेवावा. ऑपरेटर बदलला तरी हा कागद तिथंच राहतो, आणि पुढच्या वेळी लाइट जाऊन आली तर कुठून सुरुवात करायची हे नव्या माणसालाही कळतं.